जोड क्रमांक सतरा

८ जानेवारी

दादा,

मायना काय लिहायचा या विचारात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतंच दादा. कागद फाडताना बघून आई म्हणाली, "कुणाला लिहितेस एवढं विचार करकरून? अर्ज आहे का?" मी हो म्हटलं. ते अगदीच खोटं नाही.

आई बरी आहे. ते तुला माहीत असणारच, दर रविवारी तू तिच्याशी बोलतोस. फोन मी उचलला की पलीकडून वहिनीचा आवाज येतो, "वन्सं, जरा सासूबाईंना द्या," आणि मी देते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त गुडघ्यांचं ती तुला खरं सांगत नाही. हल्ली ती जिना पाठमोरी उतरते, कठडा धरून, एकेक पायरी चाचपत. विचारलं तर म्हणते, असं उतरलं की आपण वर चाललोय असं वाटतं.

आता काम. माझं वेल्ड तपासनिसाचं प्रमाणपत्र दहा वर्षांचं होतं. ते गेल्या जूनमध्ये संपलं. नवीन मिळवायला प्रात्यक्षिक परीक्षा पुन्हा द्यावी लागते. वेल्ड केलेले चार तुकडे समोर ठेवतात. आत कुठेतरी मुद्दाम दोष घातलेले असतात. ते यंत्राने शोधायचे, मोजायचे आणि कागदावर मांडायचे. जुलैत दिली, वेळ पुरला नाही. नोव्हेंबरात दिली, थोडक्यात गेली. तिसरी आणि शेवटची ३० मार्चला आहे. त्यात गेले तर फाईल बंद. मग पहिल्यापासून शिकाऊ म्हणून सुरुवात करावी लागते, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या शिकाऊ बाईला कुणी दारात उभं करत नाही.

सरावाला तुकडे मिळत नाहीत. कंपनीतले तुकडे मला तोंडपाठ झालेत, यंत्र बंद ठेवूनही उत्तरं सांगेन. वरून जोड स्वच्छ दिसावा आणि आत दोष बसावा, असं वेल्डिंग करायला फार चांगला हात लागतो. असा हात मला एकच माहीत आहे.

एक तुकडा करून देशील का? आत काय घातलंस ते सांगू नकोस. मी शोधून तुला कळवीन, तू फक्त बरोबर की चूक तेवढं सांग. जुन्या गोष्टीबद्दल मी काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

तुझी बहीण


२६ जानेवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरूनही चालले नव्हते.

आधीच्या पत्रात एक गोष्ट मी नीट सांगितली नाही. वेळ पुरला नाही म्हणजे काय, तर यंत्रावरचा एक आकडा मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. तो बरोबर आहे ना, बदलला तर नाही ना. जोडावरून फिरवायचा यंत्राचा प्रोब दोन बोटं पुढे सरकवायचा आणि आकडा बघायचा. परीक्षक म्हातारे आहेत, सतत खोकल्याच्या गोळ्या चघळतात. ते शेजारी येऊन हळूच म्हणाले, "बाई, तो आकडा कुठे पळून जात नाही." दोन तुकडे झाले आणि घंटा झाली.

नोव्हेंबरात ठरवून गेले की आकडा बघायचा नाही. वेळेत चारही तुकडे केले. पण तीन ठिकाणी मी जे दोष दाखवले, तिथे काहीच नव्हतं. निकालाच्या कागदावर याला शब्द आहे, 'अस्तित्वात नसलेला दोष'. असे दोन चालतात. माझे तीन होते.

प्रमाणपत्र संपल्यापासून मला रेकॉर्डच्या खोलीत बसवलंय. खिडकी नाही, पण कपाटं भरपूर. जुन्या रिपोर्टांच्या फाईली वर्षाप्रमाणे लावायच्या, ज्यांचे कागद सुटलेत त्यांना भोकं पाडून परत दोऱ्यात ओवायचे. माझ्या जागी एक पोरगेलासा तपासनीस आलाय. तो सूत्रं मोठ्याने म्हणतो म्हणून सगळे त्याला पाढे म्हणतात. रोज खोलीत डोकावून विचारतो, "काय ताई, अभ्यास चाललाय ना?" वाईट नाही स्वभावाने. मला त्याचा इतका राग येतो की मी हसते.

दोषांचा तुकडा करणं म्हणजे मुद्दाम वाईट वेल्डिंग करणं. ते तुला आवडणार नाही हे मला आधी सुचायला हवं होतं. नको असेल तर राहू दे.

तुझी बहीण


९ फेब्रुवारी

दादा,

पार्सल मिळालं.

कुरिअरवाल्याने ते जिन्यात आपटलं आणि म्हणाला, "बाई, आत काय, तालमीची वजनं आहेत का?" दहा-अकरा किलो तरी असेल. सहा इंची पाइपाचं कडं, मध्ये जोड, वरून लाल प्रायमर. चिठ्ठी नाही. चिठ्ठीसाठी मी गोणपाट दोनदा झटकलं.

किती बरं वाटलं ते लिहीत नाही, तुला आवडणार नाही.

शनिवार-रविवार कंपनीतलं जुनं यंत्र मला घरी आणता येतं. कडं मी जेवणाच्या टेबलावर मांडलंय, खाली जुनी चादर. रंग पातळ आणि घट्ट आहे, वरून प्रोब फिरवता येतो. आई समोर भाजी निवडत बसली होती. म्हणाली, "हे करतेस तरी काय?"

मी म्हटलं, "आत हाक मारते. आत काही फट असली तर हाक परत येते, पडद्यावर टोक उठतं."

"आणि नसली तर?"

"तर काही येत नाही."

"म्हणजे तुझ्या दादासारखं."

मी प्रोब परत फिरवायला घेतला. तू रविवारी हे काढू नकोस.

प्रोबखाली लावायचं जेल असतं, त्याची बाटली तिने उचलून नेली आणि दोन्ही गुडघ्यांना चोळली. "पाइपाला मालिश करतेस, मग माझ्या गुडघ्यांनी काय घोडं मारलंय?" त्यात औषध नाही, ते नुसतं पाणी धरून ठेवतं, असं मी सांगितलं. म्हणाली, थंड लागलं, पुष्कळ झालं. आता रोज मागते.

मला तीन दोष सापडले. कागद सोबत जोडलाय. पाइपावर घड्याळाचा काटा धरून लिहिलेत: दोनवर एक छोटा, पाचवर एक लांबट, आणि नऊच्या आसपास एक, तिथे प्रोब जरा अडखळतो. बरोबर की चूक, तेवढं कळव. चूक असेल तरी कळव.

तुझी बहीण


२३ फेब्रुवारी

दादा,

गेल्या रविवारी वहिनीने आईला फोन द्यायला सांगण्याआधी घसा खाकरला. म्हणाली, "वन्सं, हे म्हणतात, परत बघा."

मी विचारलं, "किती बरोबर आहेत?"

"तेवढंच म्हणाले. परत बघा."

मागे तुझ्या ग्राइंडरचा आवाज येत होता. रविवारीसुद्धा. वहिनीला मी विचारलं, एवढं काय चाललंय. ती म्हणाली, "गेटं. दुसरं काय. एकेका गेटाचा जोड इतका घासतात की गिऱ्हाईक म्हणतं, राहू द्या हो मालक, गेटच आहे, विमान नाही." मग स्वतःच हसली आणि हसू अर्धवट थांबवलं.

मी परत बघितलं. या वेळी दोनवर काही नाही. पाचवर आहे, पण मागच्यापेक्षा लहान. नऊवर आहेच. आणि सातवर एक नवीन, जो पहिल्यांदा नव्हता. लोखंड तेच, यंत्र तेच, बाई तीच. दोष जागा बदलत नाहीत, दादा. मग बदलतंय ते काय?

काल टेबलावर कपाळ टेकून बसले होते. आईला वाटलं झोप लागली. तिने शेजारचा दिवा बंद केला आणि पाठमोरी पाठमोरी निघून गेली, जिना नव्हता तरी. मला हे जमणार नाही असं वाटतं. नुसतं वाटत नाही, ठाऊक आहे. सकाळी उठलं की पहिल्यांदा तेच आठवतं, मग चहा.

दुसरा कागद जोडलाय.

तुझी बहीण


२ मार्च

दादा,

काल परत वहिनीचा फोन. परत बघा.

आज मी नऊच्या जागेवरचा रंग खरवडला. प्रोब तिथेच का अडखळतो ते बघायला. लाल प्रायमरखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती, गेटाच्या खड्ड्यात भरतात तशी. तिच्याखाली पिवळा रंग लागला. आधी एक आडवी रेघ, मग अक्षर. बोटाएवढं अक्षर उघडं झालं तेव्हाच मी ओळखलं, कारण 'र'ची शेपूट मी अशीच ओढते.

सगळं उघडं केलं. रिजेक्ट. खाली माझी सही. शेजारी लोखंडात पंचाने ठोकलेला तुझा वेल्डर नंबर आणि जोडाचा क्रमांक, १७.

आज याहून जास्त लिहवत नाही.


४ मार्च

दादा,

तू ते जपून ठेवलं होतंस. नऊ वर्षं. मला वाटलं होतं भंगारात गेलं.

जुन्या गोष्टीबद्दल लिहिणार नाही असं मी म्हटलं होतं, कारण ती गोष्ट तुला पूर्ण माहीत नाही. आईला तर काहीच माहीत नाही. तिला वाटतं आपलं घरावरून वाजलं.

त्या दिवशी सकाळी कागद कारखान्यात, वाफेच्या लाइनीपाशी, मी तुमच्या लोकांजवळून चालले होते. प्रमाणपत्र हातात येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. तुमचा तो उंच फिटर दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेताने, "आज काय, भावाचा जोड आणि बहिणीची तपासणी. घरचंच लग्न." दोघं हसले. तू लांब होतास, हातमोजे घालत होतास. तू ऐकलं नसशील.

तिथून मी जोडापाशी गेले ती हे मनात घेऊनच. आता नीट वाच, कारण हे तुम्हा वेल्डरांना ठाऊक नसतं. शोधताना आम्ही यंत्राची ताकद वाढवतो, म्हणजे बारीकसारीकही दिसावं. त्या आकड्याला गेन म्हणतात. संशयाचं टोक दिसलं की ते मोजण्याआधी गेन परत मूळ खुणेवर खाली आणायचा. नाहीतर राईचा डोंगर दिसतो. शिकाऊला पहिल्या आठवड्यात शिकवतात हे.

तुझ्या जोडात एक टोक उठलं. नापासाच्या रेषेच्या वर गेलं. मी गेन खाली आणला नाही. तसंच मोजलं, तसंच लिहिलं, आणि पिवळ्या मार्करने पाइपावर हात लांब करून लिहिलं, मागच्यांनाही वाचता यावं म्हणून.

तू एवढंच म्हणालास, "परत बघ." आठवतं? मी म्हटलं, "बघितलंय."

फोरमनने जोड कापून घेतला. तुला म्हणाले, वेल्डरच्या परवान्याचं कार्ड जमा करा, पुन्हा परीक्षा द्या, पास झालात की परत मिळेल. तू म्हणालास, "दोष दाखवा, मग परीक्षा देतो."

संध्याकाळी यंत्र पेटीत ठेवताना मी आकडा बघितला. तो वरच होता. सकाळपासून वरच होता. मला तेव्हाच कळलं, दादा. नंतर नाही, वर्षांनी नाही. पेटीचं झाकण हातात असताना कळलं.

आणि तेव्हा फोरमन तिथे आला होता. तुकडा भंगाराच्या ढिगावर पडला होता, अजून गरम असावा. तो म्हणाला, "बाई, हवं तर अजून एकदा बघून घ्या, इथेच आहे." तू पाच पावलांवर उभा होतास. मी म्हटलं, "गरज नाही." तू वाकून ते कडं उचललंस आणि चालू लागलास. मला वाटलं, रागाने कुठेतरी फेकशील.

तुझं कार्ड गेलं. पंचवीस वर्षांचा हात गेटांवर गेला. तू दोष दाखवा म्हणत राहिलास आणि मी बरोबर आहे म्हणत राहिले. घरी बोलणं बंद झालं तेव्हा मी आईला सांगितलं, दादाला हट्ट फार.

आज आठवड्याच्या मध्येच यंत्र मागून घरी आणलं आणि जोड मूळ खुणेवर तपासला. सगळा रंग काढून, दोन्ही बाजूंनी, चारदा. दोनवर काही नाही. पाचवर काही नाही. सातवर काही नाही. नऊवर माझ्या सहीखाली काही नाही.

मी तुझ्याकडे दोष मागितले होते. तुला दुसरं काय पाठवता आलं असतं.


२९ मार्च

दादा,

उद्या परीक्षा.

तुझ्या जोडाचा मी नवा रिपोर्ट केलाय, छापील फॉर्मवर. पाइपाचा व्यास, जाडी, वेल्डरचा नंबर, जोड क्रमांक सतरा, गेन किती ठेवला. निष्कर्षाच्या ओळीत 'दोष नाही'. सगळे रकाने भरलेत, एक सोडून. तपासनिसाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक. माझा जुना संपलाय, नवा आलेला नाही. क्रमांकाशिवाय तो रिपोर्ट म्हणजे एका बाईने घरी बसून लिहिलेला कागद.

म्हणून मला उद्या पास व्हायचंय. आधी नोकरीसाठी व्हायचं होतं. आता या एका रकान्यासाठी. पास झाले की क्रमांक घालीन, तुला पाठवीन आणि कंपनीलाही देईन. आधी सांगितलं तर परीक्षेलाच बसू देणार नाहीत. यालाही लपवणंच म्हणतात, मला कळतं. पण एवढं एक.

आई म्हणाली, "उद्या जाताना ते जेल ठेवून जा. तिथे ते देतील की."

तुझी बहीण


१९ एप्रिल

दादा,

नापास.

काय झालं ते तुला कळायला हवं. पहिले दोन तुकडे बरोबर आले. चौथाही. आकडा एकदाच बघितला प्रत्येक वेळी. गोळ्या चघळणारे परीक्षक एकदा माझ्यामागे उभे राहिले आणि पुढे गेले. मला वाटलं, होतंय.

तिसरा तुकडा हातात घेतला आणि बघतच राहिले. वरचा थर इतका सारखा होता, खवल्याला खवला लागलेला, कडा कुठे चावलेली नाही. तू जसा करायचास. हा कुणातरी चांगल्या माणसाने केलाय असं मनात आलं. कुणीतरी याच्यावर उगाच ठपका ठेवेल, मी ठेवणार नाही, असंही आलं. प्रोब फिरवला. एका बाजूला छोटं टोक उठलं. जोडाच्या आकारामुळे कधी कधी असं येतं. मी तेच समजले आणि पुढे गेले. दुसऱ्या बाजूने बघायचा नियम आहे. बघितलं नाही.

तिथे अंगठ्याएवढी फट होती. वेल्ड आणि पाइप एकमेकांना चिकटलेच नव्हते. निकाल देताना परीक्षक म्हणाले, "बाई, बाकी तुमचं काम छापून ठेवण्यासारखं होतं. तिसऱ्याला काय झालं तुम्हाला?" मी सांगितलं, घाई झाली. घाई झाली नव्हती. चाळीस मिनिटं शिल्लक होती.

तुझा जोड तुझा होता म्हणून मी नापास केला. हा तुझ्यासारखा दिसला म्हणून पास केला. दोन्ही वेळा मी लोखंड तपासलंच नाही, माणूस तपासला. असल्या बाईला प्रमाणपत्र देऊ नये, हे बरोबर आहे. मला त्यांचा राग येत नाही. राग यायला काहीतरी उरावं लागतं.

फाईल बंद झाली. मी रेकॉर्डच्या खोलीत कायम झाले.

त्या खोलीत तो जुना रिपोर्टही आहे. खालून दुसरा खण, डावीकडची फाईल. गेले दहा महिने तो माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि मी ती फाईल सोडून बाकी सगळ्या लावल्या. परवा काढला. आमच्यात चुकीचा रिपोर्ट खोडरबराने पुसत नाहीत, फाडत नाहीत. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. पण रेघ मारायलाही प्रमाणपत्र लागतं.

मोठ्या साहेबांकडे घेऊन गेले. सगळं सांगितलं, गेनपासून 'गरज नाही' पर्यंत. ते चष्मा काढून ऐकत होते. मग म्हणाले, "किती साल?"

मी सांगितलं.

"ती लाइन तर आता राहिलीच नाही. कारखान्याने नवी टाकली."

"माझ्या भावाचं कार्ड गेलं होतं, साहेब."

"आता कुठे असतात?"

"गेटं बनवतात."

"मग बरं चाललंय की." त्यांनी कागद उलटून पाहिला, पाठीमागे काही आहे का म्हणून. "हे पाहा, नवा रिपोर्ट तुम्ही केलाय, पण तुमची सही चालत नाही. पाढेंना सांगितलं तर ते विचारतील तुकडा कुठून आला, कुणी जपला. नसती कटकट. असं करा, जुन्याच्या मागे लावून ठेवा. फाईलमध्ये आहे म्हणजे आहे."

"रेघ कोण मारणार?"

"कशाला मारायची? कुणी बघतं का?"

मी भोकं पाडली आणि ओवून टाकला. एवढंच झालं. मला वाटलं होतं मला काढतील, निदान ओरडतील. नऊ वर्षं मी ज्याला घाबरले ते चार मिनिटांत आटोपलं आणि त्यांनी चहा मागवला. मलाही विचारलं.

तुझी बहीण


३ मे

दादा,

रविवारी वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमचं झालं असेल तर ते कडं परत पाठवा म्हणतात."

मी विचारलं, "माझी पत्रं मिळाली का?"

"मिळाली ना. चष्मा लावून वाचतात, मग शर्टाच्या खिशात घालून दुकानात जातात. ठिणग्यांनी खिसे जळतात हो त्यांचे. तुमच्या पत्रांना भोकं पडली असतील."

"काही म्हणाला?"

"कडं परत पाठवा म्हणाले."

मग मी आईला फोन दिला. आई तुझ्याशी पाच मिनिटं गुडघ्यांबद्दल बोलली, या वेळी खरं. तू काय म्हणालास ते तिने सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून भांडी पुसत होते, पुसलेलीच.

तर ते सोबत पाठवतेय. लाल रंग मी सगळा काढलाय, लांबीसुद्धा. जोडावर तेलाचा हात फिरवलाय, गंज धरू नये म्हणून. पिवळं मात्र तसंच ठेवलंय. ते पुसायचा अधिकार मला नाही आणि पुसायचं नाही हा नियमही आहे. त्यावर एक आडवी रेघ मारलीय. अधिकार त्याचाही नाही. शेजारी सही आणि तारीख.

रिपोर्टची दुसरी प्रत कड्याच्या आत गुंडाळून ठेवलीय. क्रमांकाचा रकाना रिकामा आहे. तो आता रिकामाच राहील. ज्या सहीने तुझं कार्ड गेलं ती चालत होती, आणि ही चालत नाही. तुला पाठवायला माझ्याकडे हीच आहे.

मला क्षमा कर असं लिहायला बसले होते. आईने तेव्हा विचारलं होतं ना, अर्ज आहे का. तसाच होतोय तो, म्हणून फाडला.

सकाळी खोक्याला दोरी बांधत होते. आई येऊन खुर्चीत बसली.

"दादाचं आहे?"

"हो. त्याने केलेला जोड आहे, जुना. त्याला परत हवाय."

"चांगलाय ना?"

"चांगलाय, आई."

"मग तसं लिहिलंस का?"

"लिहिलंय. आत कागद आहे."

"आत कशाला? वर लिही. ठळक. आणणाऱ्याला, नेणाऱ्याला, सगळ्यांना दिसेल असं." मग गुडघा चोळत म्हणाली, "चांगलं असलेलं कुणी आत लिहितं का?"

पिवळा मार्कर अजून माझ्या पेटीत होता. अर्धा सुकलाय, दोनदा गिरवावं लागलं. पत्त्याच्या वर जागा होती तिथे लिहिलंय. खोकं तुझ्या दुकानाच्या दारात येईल तेव्हा तुझी माणसंही वाचतील. वाचू देत.

जोड क्रमांक सतरा. दोष नाही.

तुझी बहीण